गिअरबॉक्समधला देवमासा : एका लाल तेलाचा इतिहास

१९७० च्या आधी अमेरिकेतल्या एखाद्या मध्यमवर्गीय गृहस्थाने सुट्टीच्या सकाळी आपल्या मोटारीखाली आडवे होऊन ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलले असेल, तर त्याच्या मनगटावरून ओघळणाऱ्या लाल द्रवात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल असण्याची शक्यता दाट होती. हे वाक्य अतिशयोक्त वाटेल, पण तसे ते नाही. विसाव्या शतकातील सर्वांत आधुनिक यंत्रांपैकी एक यंत्र सुरळीत चालावे म्हणून खोल समुद्रात भाले सुटत होते, आणि हे त्या गृहस्थाला बहुधा ठाऊकही नव्हते. आजचा धागा या तेलाविषयी आहे. जरा लांबला आहे, सवडीने वाचावा.

प्रारंभ गिअरबॉक्सपासूनच करू. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत आज आपण ओळखतो तसा गिअर बदलण्याचा दांडा नव्हता. तिथे ग्रहमालिकेसारखी रचना होती : मध्यभागी एक दातेरी चाक आणि त्याभोवती फिरणारी लहान चाके. पायाखालची पट्टी दाबली की कापडी अस्तराचा एक पट्टा फिरत्या ढोलाला आवळत असे आणि गिअर पडत असे. इंजिन आणि गिअर या दोहोंना एकच तेल पुरे. हे पट्टे झिजत, ते मालकाने स्वतः झाकण उघडून आवळायचे किंवा बदलायचे असत. खेड्यातला शेतकरी हे काम नांगर दुरुस्त करावा तितक्या सहजतेने करी. मात्र पट्टा आवळताना सारी मोटार थरथरत असे. ही थरथर थांबवण्यासाठी तेलकंपन्या खास ‘फोर्डचे तेल’ म्हणून निराळे तेल विकू लागल्या. तेलाचे काम केवळ वंगणाचे नाही, घर्षण हवे तितकेच ठेवण्याचेही आहे, ही जाणीव इथे प्रथम बाजारात आली. पुढच्या साऱ्या कथेचे बीज याच जाणिवेत आहे.

दुसरा धागा जर्मनीतून येतो. हेर्मान फ्योटिंगर हा अभियंता श्टेटिन (आजच्या पोलंडमधील श्चेचिन) येथील व्हुल्कान जहाजबांधणी कारखान्यात काम करत होता. जहाजाचे वाफेचे टर्बाइन अतिवेगाने फिरते आणि पंखा मात्र संथ फिरायला हवा, ही त्याची अडचण होती. १९०५ मध्ये त्याने घेतलेल्या पेटंटमधील कल्पना साधी आणि धाडसी आहे : दोन चाके एकमेकांना स्पर्श न करता समोरासमोर ठेवायची, मध्ये द्रव भरायचा, एक चाक द्रवाला फेकते आणि तो द्रव दुसऱ्या चाकाला फिरवतो. ताकद एका लोखंडातून दुसऱ्या लोखंडात द्रवामार्फत जाते. जहाजासाठी जन्मलेली ही युक्ती तीन दशकांनी मोटारीत शिरली.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ती शिरली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकमधून. अर्ल थॉम्प्सन या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली हे यंत्र सिद्ध झाले आणि १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत ते विक्रीस आले. जादा किंमत होती ५७ डॉलर. चार गिअर, क्लचची पट्टी नाही, आणि कोणता गिअर केव्हा पडावा हे ठरवणारा मेंदू म्हणजे तेलाचाच दाब. बारीक झडपांच्या चक्रव्यूहातून तेल धावे; वेग वाढला की एका झडपेवरचा दाब दुसरीवर मात करी आणि गिअर बदले. इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. माझ्या मते तेलावर चालणारा हा एक संगणकच होता, आणि त्याकाळच्या जाहिराती क्लच नसल्याच्या कौतुकातच रमल्या हे काहीसे दुर्दैव.

युद्ध आले. एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने आणि प्रत्येकाला एक हायड्रामॅटिक बसवले गेले. युद्धानंतर ‘रणांगणावर पारखलेले’ अशी मिरवणूक निघाली, ती अपेक्षितच होती. १९४८ मध्ये ब्यूकने डायनाफ्लो आणले, १९५० मध्ये शेव्हरोलेने पॉवरग्लाइड, आणि १९५२ पासून खुद्द रोल्स-रॉइसने जनरल मोटर्सचेच हायड्रामॅटिक आपल्या गाड्यांत देऊ केले.

या यंत्रावरील अवलंबन किती वाढले होते ते १२ ऑगस्ट १९५३ रोजी दिसले. मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकच्या कारखान्यात वेल्डिंगची ठिणगी गंजरोधक द्रवाच्या एका थाळीत पडली आणि सुमारे १५ लाख चौरस फुटांचा कारखाना भस्मसात झाला. कामगारांचे प्राण गेले. कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइल गाड्यांना काही काळ ब्यूकचा गिअरबॉक्स लावून दिवस काढावे लागले.

आता मुख्य पात्राकडे, म्हणजे तेलाकडे वळू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलाकडून परस्परविरोधी कामे करून घेतली जातात. त्याने ताकद वाहून न्यायची, झडपांना दाब द्यायचा, दात्यांना वंगण द्यायचे, उष्णता बाहेर काढायची. आणि त्याच तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांना एकमेकींना घट्ट पकडूही द्यायचे. वंगणाने निसटवायचे आणि त्यानेच पकडूही द्यायचे! अडचण नेमकी अशी : दोन प्लेटा एकमेकींवर घसरत घसरत थांबतात, तेव्हा थांबण्याच्या शेवटच्या क्षणी घर्षण एकाएकी वाढले तर गाडीला हिसका बसतो, कधी किंचाळल्यासारखा आवाज येतो. वेग मंदावताना घर्षण वाढू नये, उलट थोडे उतरावे, असा गुण तेलात हवा. खनिज तेलात तो नाही.

हा गुण स्पर्म व्हेलच्या तेलात होता. आपल्या ओळखीची तेले आणि तूप ही रसायनदृष्ट्या एका कुळातली, तर स्पर्म व्हेलच्या प्रचंड डोक्यातून आणि चरबीतून निघणारे तेल निराळ्या कुळातले. ते वस्तुतः द्रवरूप मेण आहे. त्याचे रेणू धातूच्या पृष्ठावर चिकटून रेशमासारखा पातळ थर धरतात. गंधकाची प्रक्रिया केली की तेच तेल भयंकर दाबाखालीही तो थर सोडत नाही, आणि खनिज तेलात विनातक्रार विरघळते. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने ‘टाइप ए’ नावाचे पहिले सर्वमान्य प्रमाण ठरवले. कोणत्याही तेलकंपनीने तेल बनवावे, शिकागोच्या आर्मर संशोधन संस्थेत ते तपासून घ्यावे आणि मिळालेला क्रमांक डब्यावर छापावा, अशी ती व्यवस्था. १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. या तेलांत घर्षण आवरणारा घटक म्हणून स्पर्म व्हेलचे तेल मिसळले जाई. लाल रंग मात्र देवमाशाचा नव्हे. तो मुद्दाम घातलेला. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे मालकाला चटकन कळावे, एवढाच त्याचा हेतू.

इथे एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घ्यायला हवा. ‘रॉकेलने देवमासे वाचवले’ असे आपण अनेकदा वाचतो. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, दिव्यांत रॉकेल आले, नॅन्टकेट आणि न्यू बेडफर्डची शिकारी गलबते ओसाड झाली, अशी ती सुबक कथा. दिव्यापुरती ती खरी आहे. पण अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मिळून सुमारे ३ लाख स्पर्म व्हेल मारले गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एकट्या विसाव्या शतकात हा आकडा ७ लाख ६० हजारांच्या घरात जातो. वाफेची जहाजे, स्फोटक भाले आणि समुद्रावरच प्राणी सोलून तेल काढणारी तरंगती कारखानेवजा जहाजे यांनी हे शक्य केले. १९६० च्या दशकात वर्षाला २० हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले जात होते. खनिज तेलाने दिव्यातून देवमासा बाहेर काढला आणि खनिज तेलावर धावणाऱ्या मोटारीने त्याला गिअरबॉक्समध्ये परत घेतले.

ही शिकार मुख्यतः सोव्हिएत आणि जपानी ताफे करत. अमेरिकेत शिकार जवळपास संपली होती. कॅलिफोर्नियातील रिचमंड येथील अखेरचे केंद्र १९७१ मध्ये बंद पडले. तेल मात्र बाहेरून येत होते. शीतयुद्धाच्या ऐन भरात सोव्हिएत जहाजांनी मारलेल्या जिवांच्या तेलाला अमेरिकी बाजारपेठ मोलाची किंमत देत होती, हा विरोधाभास कोणाला फारसा बोचला नसावा. अमेरिकी शासनाच्या सामरिक साठ्यातही हे तेल जपून ठेवलेले होते. सोव्हिएत ताफ्यांनी आंतरराष्ट्रीय आयोगाला दिलेले आकडे खोटे होते हे मात्र १९९० च्या दशकात, त्यांच्याच शास्त्रज्ञांनी कागदपत्रे उघड केल्यावर, जगाला कळले.

अमेरिकी संसदेने १९६९ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या संरक्षणाचा कायदा केला. १९७० मध्ये वॉल्टर हिकेल हे अंतर्गत व्यवहार खात्याचे सचिव असताना मोठ्या देवमाशांच्या आठ प्रजाती संकटग्रस्तांच्या यादीत आल्या, आणि त्यांत स्पर्म व्हेल होता. यादीत आलेल्या प्राण्याचे तेल आयात करता येत नसे. १९७३ मध्ये अधिक कडक असा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय पातळीवर व्यापारी शिकारीला विराम देण्याचा ठराव त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८२ मध्ये झाला आणि १९८६ पासून लागू झाला.

गिअरबॉक्सवाल्यांची मात्र तारांबळ उडाली. जनरल मोटर्सने १९६७ च्या सुमारास ‘डेक्सरॉन’ हे नाव रूढ केले होते. आता देवमाशाविना चालणारे ‘डेक्सरॉन-२’ आणावे लागले. रसायनशास्त्रज्ञांनी प्राणिज चरबी आणि कृत्रिम संयुगे यांच्यापासून पर्याय बनवले. पण पहिल्या आवृत्तीने निराळेच संकट उभे केले. गिअरबॉक्सचे गरम तेल थंड होण्यासाठी रेडिएटरच्या टाकीतील नळीतून फिरवले जाते. नव्या तेलात गंजरोधक गुण अपुरा होता, त्यामुळे त्या नळीचे सोल्डरचे जोड खाल्ले जाऊ लागले. जोड सुटला की रेडिएटरमधले पाणी तेलात शिरते आणि लाल तेलाचे गुलाबी दूध होते. क्लच प्लेटांवरचे कागदी अस्तर डिंकाने चिकटवलेले असते. पाणी लागले की ते सुटते, आणि मग गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नसते. पुढच्या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला. एका घटकाची जागा भरताना दुसरे भोक पडावे, असे तंत्रज्ञानाच्या इतिहासात पुनःपुन्हा घडते. देवमाशाच्या तेलात घर्षण आवरण्याखेरीज आणखी काय काय दडले होते हे ते गेल्यावर समजले.

याच शोधात एका वाळवंटी झुडपाचे नशीब फळफळले. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरील सोनोरन वाळवंटात जोजोबा उगवतो. त्याच्या बियांतील तेलही द्रवरूप मेणच आहे, देवमाशाच्या तेलाचे जणू चुलत भावंड. १९७५ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय संशोधन परिषदेने कोरडवाहू प्रदेशांसाठी आशादायी पीक म्हणून त्यावर अहवाल काढला. गिअरबॉक्समध्ये त्याला फार मोठी जागा मिळाली नाही, कारण कारखान्यात बनणारी संयुगे स्वस्त पडली. जोजोबा शेवटी साबण, केशतेल आणि चेहऱ्याच्या मलमांत स्थिरावला. आपल्याकडे राजस्थानात त्याची लागवड झाली ती याच लाटेचा दूरवरचा तरंग.

आता ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या मोटारीखाली झोपलेल्या माणसाकडे येऊ. आरंभीच्या हायड्रामॅटिकमध्ये तेलाची पातळी पाहायची तर पुढच्या सीटसमोरचा गालिचा उचलून खालची डिपस्टिक काढावी लागे. तेल दोन ठिकाणांहून सोडायचे : एक तळाच्या पॅनमधून आणि दुसरे द्रवाच्या जोडणीतून. त्यासाठी खालचे झाकण काढून चाक हळूहळू फिरवायचे आणि ड्रेन प्लग खाली आला की थांबायचे. काम वेळखाऊ, पण तेल जवळजवळ सगळे निघे. पुढे खर्च वाचवण्यासाठी अनेक अमेरिकी गिअरबॉक्सांतून हे प्लग नाहीसे झाले. मग पॅनचे बोल्ट एका कोपऱ्याकडून हळूहळू सैल करायचे आणि तेल खालच्या परातीत नेमके पडेल अशी आशा बाळगायची, एवढाच मार्ग उरला. ते नेमके क्वचितच पडे. शिवाय टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल आतच राही, म्हणजे जवळपास निम्मे जुने तेल नव्यात मिसळे.

बाकी विधी मात्र दशकानुदशके तोच राहिला. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे. सपाट जमिनीवर गाडी उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. पॅन धुवावे, जाळी किंवा फिल्टर बदलावा, नवे पॅकिंग लावून बोल्ट सारख्या ताणाने आवळावेत. पुसायला दशा सुटणारे फडके वापरू नये. एक तंतू झडपेत अडकला तरी गिअर अडतो. मग लांब नरसाळ्याने डिपस्टिकच्या नळीतून तेल ओतायचे, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून दांडा प्रत्येक स्थानी फिरवायचा आणि तेल तापल्यावर पातळी पाहायची. बहुतेक गाड्यांत ही पातळी इंजिन चालू असतानाच पाहायची असते. बंद इंजिनावर पाहिली तर कन्व्हर्टरमधून परत आलेल्या तेलामुळे ती जास्त दिसते.

आणि डब्यावरचे नाव वाचायचे. हे महत्त्वाचे, कारण फोर्डने १९६० च्या दशकात उलटा मार्ग धरला. त्यांच्या ‘टाइप एफ’ तेलात घर्षण आवरणारा घटक नव्हता. प्लेटांनी झटकन आणि करकचून पकडावे अशीच त्यांची रचना. जनरल मोटर्सचे मऊ तेल त्यात ओतले तर प्लेटा घसरत, फोर्डचे तेल इकडे ओतले तर गाडी हिसके देई. दोन्ही तेले लाल. अमेरिकेत चिल्टन आणि ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून हेन्स यांच्या दुरुस्तीपुस्तिका घरोघरी पोहोचल्या, त्यामागे असल्या बारकाव्यांची गरज होतीच. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने आणखी एक आधार दिला : विशिष्ट कंपनीचेच सुटे भाग किंवा सेवा वापरली नाही, एवढ्या कारणावरून हमी नाकारता येणार नाही.

तरीही दार हळूहळू बंद होत गेले. १९९० च्या दशकात अनेक उत्पादकांनी डिपस्टिकच काढून टाकली आणि ‘आयुष्यभराचे तेल’ भरल्याचे सांगितले. कोणाचे आयुष्य, याचा खुलासा क्वचितच होई. गंमत अशी की अशा कित्येक मोटारींचे गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. मोटार विकणारा एक सांगतो आणि गिअरबॉक्स घडवणारा दुसरे. मला दुसऱ्याचे म्हणणे अधिक पटते. अशा गिअरबॉक्सची पातळी पाहण्यासाठी तेल ठरावीक तापमानाला आणून बाजूचा प्लग उघडावा लागतो आणि तिथून बारीक धार येते का ते पाहावे लागते. घरी ते अशक्य नाही. पण तापमान मोजण्याचे साधन, गाडी चारही बाजूंनी समतल उचलण्याची सोय आणि बराच धीर हवा.

आपल्याकडे हा इतिहास उशिरा आला. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या दशकांत गिअर हातानेच पडत आणि गॅरेजात ‘गिअर ऑइल’ म्हणजे दाट, उग्र वासाचे तेल. २०१४ मध्ये सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत जे एएमटी आले, त्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्यामुळे तुमच्या घरच्या ‘ऑटोमॅटिक’ गाडीत हे लाल तेल असेलच असे नाही. पुस्तिका उघडून पाहा. एएमटी, सीव्हीटी, दोन क्लचचा गिअरबॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टर या चौघांची तेले चार तऱ्हांची आहेत.

स्पर्म व्हेलचा आपल्या किनाऱ्याशी संबंध मात्र अजून बातम्यांत असतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबई इथे ‘व्हेलची उलटी’ विकताना लोक पकडले जातात, ती उलटी म्हणजे याच प्राण्याच्या आतड्यात तयार होणारे अंबरग्रीस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिचा व्यापार गुन्हा आहे. तिकडे अमेरिकेत १९५० च्या दशकातील हायड्रामॅटिक गाड्या जपणारे हौशी लोक आज त्यांत डेक्सरॉनच्या नंतरच्या पिढीचे तेल ओततात आणि गाड्या चालतात. ‘टाइप ए’चे न उघडलेले पत्र्याचे डबे मात्र ते फडताळात मांडून ठेवतात.